पडायला शिकवणाऱ्या मॅडम

आमच्या कराटेच्या मॅडम कुठेही पडून दाखवायच्या. शाळेच्या पटांगणात तर पडायच्याच, पण किराणा दुकानासमोर, एसटीच्या थांब्यावर, आणि एकदा तर धुतलेल्या पांढऱ्या पोशाखात थेट सरपंचबाईंच्या अंगणात. "पोरींना नेमकं काय शिकवता?" असं कुणी विचारायची खोटी. हनुवटी छातीला लावून त्या मागे झोकून द्यायच्या, तळहात जमिनीवर फाडकन वाजायचा आणि पापणी लवायच्या आत मॅडम पुन्हा उभ्या. मग कुडता झटकत म्हणायच्या, "पाह्यलं? जमीन काई आपली दुश्मन नाई." सरपंचबाईंच्या हातातला चहा मात्र त्या दिवशी त्यांच्याच लुगड्यावर सांडला.

देवळी तालुक्यातलं आमचं गाव लहान, शाळा सातवीपर्यंतच. मुलींना स्वसंरक्षण शिकवायला म्हणून मॅडम आल्या तेव्हा मी सातवीतच होते. त्या अल्लीपूरच्या. फाट्यावर एसटीतून उतरायच्या आणि वाटेत दिसेल त्याला "जय भीम काका, जय भीम मावशी" करत तरातरा चालत गावात यायच्या. आम्हाला वाटलं होतं, आता विटा फोडायला मिळणार. मॅडमनी कितीतरी दिवस आम्हाला नुसतं पाडलं. ठोसा नाही, लाथ नाही, फक्त पडायचं. कुंपणापलीकडून पोरं खिदळायची तेव्हा मॅडम त्यांनाच आत बोलवायच्या, "या ना, तुमी पडून दाखवा." मग पोरांना एकदम घरची कामं आठवायची.

पडण्याच्या विषयात मी जन्मजात हुशार होते. सपाट जमिनीवर, काही कारण नसताना, चालता चालता पडायचे. विहिरीवरून पाण्याचा पितळी गुंड आणायचं काम आईने मला कधी दिलं नाही, कारण गुंड आणि मी दोघेही घरापर्यंत पोचू याची खात्री नव्हती. वर्ध्याच्या डॉक्टरांनी डोळे पाहिले, कान पाहिले, गुडघे ठोकून पाहिले आणि दोष काही नाही, तोल जरा उशिरा येईल, असं सांगून पाठवलं. उशिरा म्हणजे कधी ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पण मला घाई होती. आठवीपासून देवळीला जावं लागणार होतं. एसटी यायची ती मनात आलं तर. त्यामुळे गावातल्या मुली पांदणीने, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटेने, सायकलवर शाळेत जायच्या. मला सायकल येत नव्हती. बाबा वाईट नव्हते, उलट फारच जपणारे होते. त्यांचा प्रश्न एकच होता, "पांदणीत मानूस दिसत नाई. तिथं पडली तं पोरीले उचलन कोन?" सातवी झाली की घरी बसायचं आणि शिवणक्लास लावायचा, असं जवळजवळ ठरलं होतं. मला शिवण आवडत नव्हतं. मला शाळा आवडत होती, आणि ती सुटणार या विचाराने मी रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे.

मॅडमना हे मी सांगितलं नव्हतं. मैत्रिणींनी सांगितलं असावं. त्या माझ्यावर जास्तच मेहनत घेऊ लागल्या, आणि त्यांची मेहनत म्हणजे काही लाडीगोडी नव्हती. मातीत ओढलेल्या रेघेवरून मला चालवायच्या. मी मान खाली घालून पावलं मोजू लागले की ओरडायच्या, "पायाकडं काय पाहून राह्यली? थे काय पळून जाऊन राह्यले? समोरच्या लिंबाच्या झाडाकडं पाह्य." रांजणाजवळ पाणी प्यायचं ते एका पायावर उभं राहून, दात घासायचे ते एका पायावर. घरी आई म्हणायची, "हे कराटे हाय का बगळ्याची शाळा?" पण हळूहळू तोंड धुऊन होईपर्यंत मी उभी राहू लागले, आणि आईने ते पाहिलं की न पाहिल्यासारखं करत ती चुलीत डोकं घालायची.

कुणी पडलं तर मॅडम उचलायच्या नाहीत, हे गावातल्या बायकांना सर्वांत खटकायचं. दोन्ही हात पाठीमागे बांधून त्या नुसत्या उभ्या राहायच्या. "काऊन हो मॅडम, जरा हात देत जा ना लेकरांले," असं माझी काकू एकदा म्हणाली. मॅडम म्हणाल्या, "देतो ना. ज्याले खरंच लागलं त्याले देतो." मी एकदा रेघेवरून पडून त्यांच्या मागच्या बाजूला जाऊन आदळले, तेव्हा पाठीमागे धरलेल्या त्यांच्या मुठी मला दिसल्या. नखं तळव्यात रुतली होती. त्यानंतर त्या ओरडल्या तरी मला त्यांचा राग कधी आला नाही.

त्यांची फजितीही सांगितली पाहिजे. एकदा मी आले नाही म्हणून त्या घरी आल्या. आमच्या पुढच्या खोलीत भाव वाढायची वाट पाहत कापूस छताला टेकला होता. तो पाहून मॅडमचे डोळे चमकले. "अवं, गादी तं घरातच हाय!" दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग आमच्या कापसात. मागे पडा, बाजूला पडा, कोलांटी मारून पडा. असा आनंद आम्ही जन्मात पाहिला नव्हता. साठवलेल्या कापसाची खाज काय असते ते आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं, पण त्या दिवशी त्याची आठवण ना आम्हाला राहिली ना कापसाच्याच मुलखात वाढलेल्या मॅडमना. रात्रीतून अख्खा वर्ग लालेलाल. सकाळी गावभर झालं की कराटेने पोरींच्या अंगावर पुरळ उठतं, आणि आया तावातावाने शाळेत आल्या. मॅडम त्यांना सामोऱ्या गेल्या त्याच मुळी मान खाजवत; सर्वांत जास्त त्याच पडल्या होत्या ना! "चूक माहीच हाय," त्या म्हणाल्या. "खोबऱ्याचं तेल लावा. उद्यापासून वखरलेल्या वावरात पाडतो." एक आई हसली, मग दुसरी हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही खरोखरच आमच्या भुसभुशीत वावरात पडू लागलो.

मार्च संपता संपता मॅडमचं आमच्या शाळेतलं काम संपलं. पुढची शाळा त्यांना आष्टीकडे मिळाली होती. जायच्या आदल्या दिवशी त्या आमच्या घरी येऊन बाबांसमोर बसल्या.

"भाऊ, पोरीले सायकल शिकवा."

"पडन थे."

"पडनच."

बाबांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. त्यांनी आपला ठरलेला प्रश्न विचारला, "मंग पांदणीत तिले उचलन कोन?"

"कोनी नाई. म्या तिले तेच तं शिकवलं."

मॅडमनी चहा संपवला, माझ्या पाठीत एक जोरदार थाप मारली, "लिंबाकडं पाहत जाजो," म्हणाल्या आणि गेल्या. मी फाट्यापर्यंत सोडायला निघाले तर नको म्हणाल्या. त्यांना रडणं आवडत नसे, स्वतःचं तर मुळीच नाही.

उन्हाळाभर मी काकूच्या सायकलवर शिकले. गुडघे-कोपरं किती फुटली ते विचारू नका, पण डोकं एकदाही आपटलं नाही. शाळा सुरू झाली त्या दिवशी बाबा म्हणाले, "जा. पन म्या मांगून येतो." मी सायकलवर पुढे, बाबा शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे, बैलाच्या चालीने. पांदण ओली होती. नाल्याच्या उतारावर चाक चिखलात घसरलं आणि मी गेले.

हनुवटी आपोआप छातीला लागली. तळहात आपटला. आकाश दिसलं आणि मागे बाबांची गाडी बंद झाल्याचा आवाज आला. ते धावत येणार, मला उचलणार आणि तसंच घरी नेणार, हे मला पक्कं माहीत होतं. त्यांनी गाडी स्टँडवर लावेपर्यंत मी उठले. सायकल उचलली, हँडल सरळ केलं, दप्तर पुसलं. बाबा दोन पावलं आले होते, तिथेच थांबले. त्यांचे हात पुढे आलेले होते. ते त्यांनी हळूच मागे घेतले.

"लागलं का?"

"नाई."

बाबा चिखलात भरलेल्या माझ्या सायकलकडे बोट दाखवून म्हणाले, "मंग बस ना. घंटी होऊन जाईन शाळेची."

मी बसले आणि निघाले. थोडं पुढे गेल्यावर मागून गाडीचा आवाज येईना. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुन्हा पडले असते. संध्याकाळी आईने सांगितलं, बाबा नाल्यापासूनच घरी परतले होते.