भिवाजीच्या गच्चीवरचा डबा

पोपटने उभ्या आयुष्यात परक्या घरी चहाचा पहिला घोट घेतला नाही. आधी घरधन्याने प्यायचा, मग पोपटने. भिवपुरीच्या पलीकडच्या त्याच्या गावात हे इतकं अंगवळणी पडलं होतं की लग्नघरीसुद्धा शेजारी बसलेला माणूस न सांगता आधी आपला कप तोंडाला लावी. बियाणं तो दुकानातून घेत नसे. पिशवीवर छापलेलं भात आणि पिशवीतलं भात यांची एकमेकांशी ओळख असल्याचा पुरावा त्याला अजून मिळाला नव्हता. भाताचं एक खाचर त्याने नुसतं घरच्या बियाण्यासाठी राखलं होतं.

यंदा नेमकं त्याच खाचरात पानांवर तपकिरी ठिपके आले. करपा रोग असला तर बियाणं हातचं गेलं, आणि पुढल्या साली पोपटला पिशवी विकत घेणं आलं. या विचाराने त्याला जेवण जाईना.

सून रियाने त्याच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. पानाचा फोटो काढायचा, रोग कोणता ते ॲप सांगणार. पोपटने एक पान तोडून आणलं आणि घरात बसून फोटो काढला. फोन भाकरीसारखा तापला आणि म्हणाला, ‘कदाचित करपा, कदाचित खताची कमतरता.’ पोपटला उत्तर पटलं. त्याचाही सगळा संसार कदाचितवरच चालला होता. पण कदाचितवर औषध मारता येत नाही.

“तुमचा फोन जुना हाय, बाबा,” रिया म्हणाली. “त्याला एकट्याला झेपत नाय. निम्मं डोकं तो चालवतो, निम्मं डबा चालवतो. डब्याच्या टप्प्यात उभं राहून काढा, मग नक्की सांगंल.”

“कुठला डबा?”

“वायफायचा. भिवाकाकांच्या गच्चीवरचा.”

भिवाजी हा पोपटचा चुलतभाऊ, आणि शेताला शेत लागून, म्हणजे जितकं वाईट असावं तितकं. गावातली सगळ्यात उंच गच्ची त्याची, म्हणून कंपनीच्या माणसांनी डबा तिथे बसवला होता. गच्ची डब्याच्या कितीतरी आधी बांधलेली होती. भिवाने एवढ्या लांबचा विचार करावा, याचं पोपटला नवल वाटलं नाही.

“म्हंजे माझ्या शेताचा फोटू भिवाच्या घरात?”

“फोटो जात नाय हो. फोन आधी तो चावून बारीक करतो. डब्याकडं जातात ते नुसते आकडे.”

“अगं, शेण बघून गाय कुठल्या रानात चरली ते मी सांगतो. चावलं म्हणून लपतंय व्हय?”

“मग काय, भिवाकाका गच्चीवर चढून तुमचे आकडे हुंगणार?”

“त्याचा काय भरवसा?”

पोपटने डब्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. उन्हं कलल्यावर तो बांध ओलांडून भिवाजीच्या भातात उतरला, वाकला आणि भिवाजीच्याच पानाचा फोटो काढला. आता डबा फितूर झाला तरी भिवाजीला कळणार काय, तर भिवाजीचंच शेत. तिथून गच्ची समोर दिसत होती. फोन तापला नाही. लगेच उत्तर आलं: ‘करपा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवाजी पाठीला पंप लावून फवारत होता.

पोपट तरातरा बांधावर गेला. “सापडलास! डब्यात बघितलंस ना?”

“डब्यात काय बघू? त्याला हिरवा दिवा हाय, आन् वर कावळा बसतो.”

“मग आजच कसा फवारतोस रं?”

“काल तुला माझ्या शेतात वाकलेला बघितला, पोपट्या. तू काय फुकट वाकणारा नायस. म्हटलं, काय तरी बिघडलंय. येऊन पान बघितलं, तर ठिपके. तुझ्या भाताचं काय?”

परीक्षेच्या नादात पोपटने स्वतःचं पान डब्याला दाखवलंच नव्हतं. तो मागे वळला. ठिपके वाढले होते. आपल्या खाचरातलं पान तोडून, भिवाजीकडे पाठ करून त्याने फोटो काढला.

‘करपा.’ कदाचितचा मागमूस नव्हता.

भिवाजीने पाठीवरचा पंप बांधावर उतरवला. “आर्धा हाय अजून. मार, नायतर जाईल बियाणं.”

पोपटने झाकण उघडून वास घेतला. आत डोकावून रंग बघितला. “तू मार आधी.”

“माझं मारून झालंय!”

“माझ्यासमोर मार.”

भिवाजीने त्याच्याकडे बघितलं, चार शब्द तोंडातल्या तोंडात पुटपुटले आणि पंप उचलून आपल्याच ओल्या भातावर पुन्हा एक फवारा मारला. पोपट निरखून बघत राहिला, घरधन्याचा पहिला घोट बघावा तसा. मग पंप पाठीला लावून तो बियाण्याच्या खाचरात उतरला. फोन भिजेल म्हणून भिवाजीने तो धरायला हात पुढे केला होता. पोपटने तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात घातला.