चिबडातले साळवे सर

साळवे सर शाळेत यायचे ते चिखलाचे पाय घेऊन. विजार दुमडलेली, चपला हातात. नळावर पाय धुताना मला सांगायचे, "बाई, चिबडात आज करकोचं उतरल्यात." ते भूगोल शिकवायचे, मी गणित.

चिबड म्हणजे आमच्या दौंड तालुक्यातल्या गावाच्या खालच्या अंगाची, भीमेला लागून असलेली, लव्हाळ्याने भरलेली ओली जागा. सातबाऱ्यावर तिची नोंद 'पोटखराबा', म्हणजे पिकाच्या कामाची नसलेली. त्या शब्दावर सरांचा भारी राग. "पोटखराबा म्हणं! ही जमीन पाणी पिती म्हणून गाव कोरडं ऱ्हातंय."

वर्गात ते सायबेरियाची दलदल सांगायचे, ब्राझीलची सांगायचे, वादळ अंगावर घेणारं सुंदरबन सांगायचे. "अंटार्क्टिका सोडली तर समद्या खंडांवर पाणथळ हाय, पोरांनो." एकदा परीक्षेत 'जगातील पाणथळ जागा कोठे आहेत?' या प्रश्नाला एका मुलीने 'आमच्या गावात' एवढंच लिहिलं. सरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली.

मग चिबड बुजवून तिथे दुकानांचे गाळे काढायचं पंचायतीत ठरलं. सरांनी माझ्याकडून गणित करून घेतलं. लांबी, रुंदी, खोली. पावसाळ्यात चिबड किती पाणी धरतं त्याचं. ग्रामसभेत ते उभे राहिले.

सरपंच हसून म्हणाले, "सर, तुम्ही शिरूरकडचं. आमच्या गावाचा इकास आमाला करू द्या."

"करा की. पर तिथलं पाणी कुठं जाईल तेवढं सांगा."

"नदीत!"

"आन् नदीच भरल्यावर?" सर माझ्याकडे वळले. "बाईंनी गणित मांडलंय. बाई, सांगा."

कागद माझ्या पर्समध्ये होता. माझे दीर पंचायतीचे सदस्य, समोरच बसलेले. मी मान खाली घातली. सर खाली बसले.

पुढे त्यांनी एकट्याने तालुक्याला अर्जांवर अर्ज केले. पाहणीला माणूस आला तोवर मुरमाचे ट्रॅक्टर रिकामे होऊन गेले होते. उत्तर आलं : 'प्रत्यक्ष पाहणीत पाणथळ जागा आढळून आली नाही.' तो कागद सरांनी मला वाचायला दिला. त्याच वर्षी ते निवृत्त होऊन कवठे येमाईला, आपल्या गावी गेले. निरोप समारंभाला आलेच नाहीत.

गेल्या पावसाळ्यात भीमा फुगली. गाळ्यांच्या भिंतींना अडलेलं पाणी वळून खालच्या आळीत शिरलं. धान्य, अंथरुणं, पोरांची दप्तरं, सगळं भिजलं. मी सरांना फोन केला. म्हटलं, "सर, तुमचं खरं झालं."

त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात शिरलं का पाणी, बाई?"

"नाही सर. आमचं घर उंचावर आहे."

"व्हय," ते म्हणाले, "म्हणून तवा बोलला न्हाईत."

आणि फोन ठेवून दिला.