मागच्या दाराचा ट्रान्समीटर

भूतबाधा, करणी, चकवा... असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलोय. माझा विश्वास फक्त बॅटरीवर. बॅटरी चालू असेल तर सिग्नल, नसेल तर नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय, पण एकदाचं सांगून मोकळा होतो.

मी आसिफ. कर्जतला सीसीटीव्ही आणि अलार्म बसवून द्यायचं माझं छोटं दुकान आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मुरबाड रोडला, कशेळ्याची बाजारपेठ ओलांडली की जरा पुढे, सुमनकाकींच्या घरी वायरलेस अलार्म बसवायला गेलो. काकी सत्तरीच्या, घरात एकट्या. काका वर्षापूर्वी गेले. मुलगा प्रमोद पुण्याला असतो. त्याने फोनवर आधीच बजावलं होतं, "आसिफभाई, हा शेवटचा उपाय. महिनाभर नीट चालला तर आई तिथे राहील. उगाच वाजत बसला तर मी तिला सरळ इकडे घेऊन येणार."

आणि काकींना पुण्याला जायचं नव्हतं. अजिबात! मी शिडी लावेपर्यंत त्यांनी ते चार वेळा सांगितलं. "सातव्या मजल्यावर मी काय करू रं? म्हणतो, वाल पेरायला कुंडी देतो. कुंडी!"

माझी एक पद्धत आहे. दार उघडल्याचा सिग्नल पाठवणारे सगळे ट्रान्समीटर दुकानातच मुख्य पॅनलला जोडून, प्रत्येकाला त्याच्या दाराचं नाव देऊन नेतो. घरी गेल्यावर फक्त चिकटवायचे आणि बॅटरीखालची प्लॅस्टिकची पट्टी ओढायची. पट्टी ओढेपर्यंत तो नुसता पांढरा ठोकळा. चार बसले. पाचवा मागच्या दाराचा. ते दार फुगून इतकं वाकडं झालेलं की चुंबक चौकटीला जुळेना. "दोन दिवसांत चुंबकाखाली लावायला लाकडाचा तुकडा आणतो," म्हणून ट्रान्समीटर काकींच्या हातात दिला. त्यांनी तो उंदरांच्या भीतीने स्टीलच्या डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं.

तिन्हीसांजा झाल्या. काकींनी पुढचं दार सताड उघडलं. कुठलंही दार उघडलं की पॅनल बोलतं आणि प्रमोदच्या मोबाईलवर मेसेज जातो. "फ्रंट डोअर ओपन," पॅनलमधली बाई म्हणाली. ठीक. काकी दिवा लावायला बसल्या, आणि बाई परत म्हणाली, "बॅक डोअर ओपन."

मी मागे धावलो. दार बंद, आतून कडी. डबा उघडला... बॅटरीखालची पट्टी जागच्या जागी!

"ही बया काय म्हनते रं?" काकींनी विचारलं.

"मागचं दार उघडं आहे म्हणते."

काकींनी वातीवरची नजरसुद्धा हलवली नाही. मागच्या बाजूला खणखणीत ओरडल्या, "अवो, दार लावा! लक्ष्मी यायची येळ झाली!"

"बॅक डोअर क्लोज्ड," बाई म्हणाली.

लक्ष्मी पुढून येते, मागचं दार उघडं असलं तर तिकडून निघून जाते, म्हणून तिन्हीसांजेला ते लावून घ्यायचं, हे शेजारपाजारामुळे मला लहानपणापासून माहीत आहे. पण काकी सांगत होत्या, काका नेमके त्याच वेळी म्हशींना वैरण टाकायला मागे जायचे आणि दार उघडं टाकायचे. चाळीस वर्षं काकी रोज ओरडायच्या, मग ते लावायचे.

"म्हशी इकल्या," काकी म्हणाल्या, "पन सवय जाते व्हय?"

मी "दुसऱ्या कुठल्या सिग्नलचा इंटरफेरन्स असेल" असं पुटपुटलो आणि मनातल्या मनात येत होत्या तेवढ्या दुआ म्हणून टाकल्या. विश्वास नाही, हे वर लिहिलंच आहे.

तेवढ्यात प्रमोदचा फोन. काकींनी माझ्यापुढे हात जोडले. मी म्हटलं, "टेस्टिंग चालू आहे."

पण रोज कसलं टेस्टिंग? रोज दिवेलागणीला मागचं दार उघडायचं, मिनिटभरात बंद व्हायचं. पाचवा ट्रान्समीटर डब्यातून काढायची माझी हिंमत होईना. मी पॅनल बदललं. पाचवं नाव डिलीट केलं, संध्याकाळी ते यादीत हजर. माझी झोप उडाली. काकींचं घर सुटणार होतं, तेही माझ्या हातून. तिसऱ्या आठवड्यात प्रमोद वैतागून म्हणाला, "रविवारी येतोय. आईला बॅग भरून ठेवायला सांगा."

शुक्रवारी मी कडावला एका कामावर होतो. संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज वेगळाच. "आसिफभाई, दार उघडल्याचा मेसेज आला. पण वीस मिनिटं झाली, बंद झाल्याचा येत नाहीये. आई फोन उचलत नाही."

बाइक कशी दामटली मलाच माहीत. अलार्मवाल्या घराचं पुढचं दार नुसतं लोटलेलं. देवाजवळ अंधार. पॅनल एकसारखं "बॅक डोअर ओपन" म्हणतंय, आणि न्हाणीत काकी पडलेल्या. पाय मुरगळून दुमडलेला, घशातून आवाज फुटत नव्हता. शेजारचे सगळे लग्नाला गेलेले. मागच्या दाराला कडी होती, तशीच.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "रात्रभर तशाच पडून राहिल्या असत्या तर अवघड होतं." मला बाहेरच्या बाकावर रडू आलं, खोटं कशाला सांगू.

प्रमोद रात्रीच पुण्याहून आला; रविवारी आम्ही काकींना घरी आणलं. प्लॅस्टरमधल्या पायाशी बसून त्याने विचारलं, "आई, त्या दिवशी दार बंद का नाही झालं गं?"

"माजा आवाज निघंना तर बंद कसं व्हनार?" काकी म्हणाल्या. "सांगितल्याबिगर त्यांनी कंदी दार लावलंय?"

तिन्हीसांजेला बाई बोललीच. प्रमोदने माझ्याकडे पाहिलं. मग मान मागे वळवून, चाचरत, पण मोठ्याने म्हणाला, "बाबा... दार."

"बॅक डोअर क्लोज्ड."

बॅग त्यानेच रिकामी केली. काकी वालाला पाणी घालायला कोण येईल याचा विचार करत होत्या.

पॅनल बनवणाऱ्या इंजिनीअरला मी सगळं सांगून पाहिलं. तो म्हणाला, असं होऊच शकत नाही. माझंही तेच म्हणणं आहे. ट्रान्समीटर अजून डब्यात आहे, झाकण घट्ट, पट्टी तशीच. निघताना प्रमोदने काळजीने विचारलं होतं, "आसिफभाई, ह्याची बॅटरी किती वर्षं चालते?"

मी म्हटलं, "सुरूच केलेली नाही, तर संपेल कशी?"