जपून ठेवलेले फोटो

मी जुनी कागदपत्रं स्कॅन करते. आज गेवराई तालुक्यातल्या एका वाचनालयात छायाचित्रणाचं फार जुनं मासिक स्कॅन करायला गेले. शाईने फोटो छापण्याचं तंत्र रुळण्याआधी अशा अंकांत खरे फोटो हाताने चिकटवत.

काल मी ग्रंथपाल काकांना फोनवर म्हणाले होते, “मी येईपर्यंत फोटो जपून ठेवा.”

काकांनी एका अंकातले फोटो सोलून काढून लॅमिनेट करून आणले होते.

“ताई, आता पाणी पडलं तरी काय होत न्हाई!”

ते प्लास्टिक फोटो फाटल्याशिवाय निघणार नाही.

“राह्यलेले दोन अंक सोमवारी लॅमिनेशनला नेतो.”

“नका नेऊ,” मी म्हणाले.

“कावून? चांगलं न्हाई झालं का?”

ते इतके खूश होते की मला खरं कारण सांगवलं नाही. सोमवारच्या आत सांगावंच लागेल. तुम्ही कसं सांगितलं असतं?