दिपमालाच्या हातून पुसलेली टेप

धुळ्यात देवपूरमधल्या एका खासगी रक्तपेढीत दिपमाला अकरा वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होती. माहेर शिंदखेड्याचं. कुलूप लावलं तरी दोनदा ओढून बघणारी बाई. दर शनिवारी पेढीच्या सगळ्या नोंदी टेपवर उतरवायच्या, हे तिचंच काम.

त्या शनिवारी नोंदी उतरवून झाल्यावर तिने नव्या सॉफ्टवेअरची चाचणी घेतली. त्यासाठी कोरी टेप घालायची होती. ती यंत्रातली टेप काढायलाच विसरली. सोमवारी सर्व्हरची डिस्क बंद पडली. टेप लावली, तर पडद्यावर फक्त शनिवारची चाचणी. आलटूनपालटून वापरायची दुसरी टेप महिन्यापूर्वीच तुटली होती.

तिच्या डोळ्यांसमोर आली भूमिका. पारोळ्याची ही अकरा वर्षांची मुलगी थॅलेसेमियाची. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त लागायचं. लहानपणी एकदा दिलेलं रक्त तिच्या अंगावर उलटलं होतं. कोणतं रक्त चालत नाही, ते त्या नोंदीतच होतं. नवी तपासणी कधी कधी स्वच्छ येते, आणि तरीही रक्त उलटतं.

टेप खराब निघाली असं सांगता आलं असतं. कोणाला कळलंही नसतं. तिने टेपवरची बारीक कळ सरकवून पुढचं लिहिणं बंद केलं आणि पेढीच्या डॉक्टर हितेंद्रांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, चूक माझी आहे."

डॉक्टरांनी तारखा पाहिल्या. मग म्हणाले, "भूमिकाला शुक्रवारी रक्त द्यायचं आहे."

पुण्यात टेपमधून माहिती काढणारे योगेंद्र म्हणून एक जण होते. फोनवर त्यांनी विचारलं, "नंतर तिच्यावर काही लिहिलंत?"

"नाही."

"मग सुरुवातीचं गेलं ते गेलंच. पुढच्या पट्टीवर जुनं असेल. साधं यंत्र नव्या मजकुराच्या शेवटाला थांबतं, आम्ही पुढचं वाचून बघतो. खात्री देत नाही."

कुरिअरवर तिचा भरवसा बसेना. मंगळवारी पहाटेच्या एसटीने ती स्वतः निघाली. टेपची पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही.

शुक्रवारी योगेंद्रांचा फोन आला नाही. प्रमिलाबाई मात्र लेकीला घेऊन आल्या. भूमिका बाकावर आडवीच झाली.

"पोरगी थकी गयी शे, अक्का. रगत कव्हय भेटी?"

रक्त कधी मिळेल ते सांगता येत नाही आणि का, हे दिपमालाने खरं खरं सांगितलं. प्रमिलाबाई रागावल्या नाहीत, लेकीच्या डोक्याखाली शालीची घडी सरकवून उशाशी बसल्या. दिपमालाला तेच सोसवेना. डॉक्टरांनी मुलीचं रक्त तपासायला घेतलं आणि तिला शेजारच्या दवाखान्यात ठेवलं. "उद्या दुपारपर्यंत थांबू," ते म्हणाले. "पुढे थांबण्यातही धोका आहे."

शनिवारी अकराच्या सुमारास पुण्याहून नोंदी आल्या. दिपमालाने भूमिकाचं नाव शोधलं, मग पुन्हा एकदा. भूमिकाची नोंद होती. कोणतं रक्त चालत नाही ते तिच्यात लिहिलं होतं, आणि आदल्या दिवशीच्या तपासणीत नेमकं तेच दिसलं नव्हतं. जुळणारी पिशवी जळगावहून मागवली. रक्त चढत असताना दिपमाला दाराशी उभी होती, पहिल्या थेंबापासून.

अडतीस जणांच्या नोंदी मात्र गेल्या. त्यांच्या घरातल्या, रक्त घेतल्याच्या जुन्या चिठ्ठ्या शोधत ती गावोगाव फिरली. एकतीस जणांच्या सापडल्या. उरलेल्या सातांपैकी कोणी पेढीच्या दारात दिसलं, की आजही ती उठून जुनी चिठ्ठी सापडली का, ते विचारते.