बाहेरून लावलेलं कुलूप
आज माळ्यावर जुनं पितळी कुलूप सापडलं, हाताला त्याचा वास लागला आणि बाळकुमच्या घरातली ती दुपार आठवली. तुरुंगातली डबल ड्युटी करून मी घरी आलेलो, वाटेत नेहमीसारखी क्वार्टर मारून. पंखा हळू फिरत होता, पडदा फुगत होता, बायको आणि मुलगी फरशीवर झोपलेल्या. मी दोघींना बोटाने मोजलं. एक, दोन. गिनती बरोबर. मग पाय न वाजवता बाहेर आलो, दाराला कुलूप घातलं, बराकीचं ओढून बघायचो तसं दोनदा ओढून बघितलं आणि जिन्यात बसलो. कुठूनतरी फोडणीचा वास येत होता, ऊन एकेक पायरी उतरत होतं, आणि कितीतरी महिन्यांनी मला शांत वाटत होतं. तेवढ्यात आतून टकटक झाली. “अहो, उघडा ना, हिला क्लासला जायचंय,” बायको म्हणाली. मागून मुलीचा बारीक आवाज आला, “आई, आपण काय केलं गं?” आता दारू सुटली, नोकरीही संपली. पण बाहेर जाताना दार मी अजूनही स्वतः ओढून घेत नाही. बायको आतून कडी लावते, कडीचा आवाज आला की मगच मी जिना उतरतो.