सड्याखालची फासकी

सीतेची आसवं हे नाव ज्यानं कुणी ठेवलं, त्यानं ते झाड उपटून बघितलं नसणार. वरून इवलंसं जांभळं फूल, भाद्रपदात सडाभर पसरलेलं, माणसं बघून खालीच बसतात. पण जमिनीखाली त्याला बारीक बारीक पिशव्या असतात. ओलीतला एखादा किडा जवळून गेला की पिशवी त्याला आत ओढते आणि पचवून टाकते. पाहुण्यांना मी पहिल्याच दिवशी हे सांगायची. काहीजणींचे चेहरे उतरायचे. मला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू.

पाहुणे म्हणजे पुण्या-मुंबईची माणसं. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली, रत्नागिरीत एका रोपवाटिकेत नोकरीला. नव्वदीचं दशक संपता संपता माझ्या डोक्यात आलं की आपलं माहेर राजापूरच्या आत, सड्याच्या पायथ्याशी आहे, तर गौरी-गणपती झाले की चार दिवस माणसं न्यावीत, सड्यावर पायी हिंडवावीत, फुलं दाखवावीत. सडा म्हणजे कातळाचं पठार. आठ महिने त्यावर अनवाणी पाय ठेवाल तर पोळेल. आणि भाद्रपदात तिथं गेंदाची पांढरी बटणं, कवळ्याचा पिवळाजर्द गालिचा, दवबिंदू नावाचं चिकट, किडे खाणारं रोपटं, कडेकडेनं तेरडा. पहिली तीन वर्षं झकास गेली. माणसं पोटावर पालथी पडून भिंगातून फुलं बघायची आणि गुराखी त्यांना बघायचे.

मुक्काम दादाकडे. दादा माझा थोरला भाऊ. आई-वडील गेल्यावर घर, शेत, गुरं सगळं तोच बघायचा. वहिनी सकाळी घावण्यांचा ढीग घालायची, पाहुणे चाटूनपुसून खायचे आणि आम्ही वर चढायचो. आमच्या घरात तापट नाही असं माणूस नाही. वहिनी बाहेरून आलेली, म्हणून तेवढी शांत. चार शब्दांच्या जागी एक बोलायची. मला तिचा रागच यायचा त्याबद्दल.

दादाचं शेजारच्या काकांशी हाडवैर होतं. कारण काय, तर हद्दीचा गडगा. दगडांवर दगड रचलेली कमरेएवढी भिंत, ती कुणी सरकवली यावरून दोघं एकदा भिडले. काकांच्या दांडक्यानं दादाच्या खांद्याचं हाड मोडलं, दादाच्या दगडानं काकांची भुवई फुटली. त्या दिवसापासून दोघं वाटेत समोर आले तर एक जण शेतात उतरायचा. काकांची सून आमच्या विहिरीवर यायची नाही. सगळ्या वाडीला याची सवय झाली होती.

चौथ्या वर्षी डुकरांनी उच्छाद मांडला. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात. एका रात्रीत अख्खा कोपरा नांगरल्यासारखा करून टाकतात. पूर्वी राखणीला घराघरातून माणूस असायचा, डबे वाजवायचा. आता तरणी माणसं सगळी मुंबईला. मग उरली फासकी. मोटारसायकलच्या क्लचची वायर, तिचा फास, कुंपणात जनावराची ये-जा असते त्या फटीत लावायचा आणि दुसरं टोक झाडाला बांधायचं. डुक्कर आत शिरलं की आवळतंच. सगळे लावायचे आणि कुणीच लावत नाही असं सगळे म्हणायचे.

मी दादाला आधीच ठणकावलं, "माझी माणसं येतायत. वाटेत एक फासकी दिसली ना, तर या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही."

"आणि भाताचं काय करू?" दादा म्हणाला. "तुज्या पावण्यांना सांग, फुलं नको, रात्री डुकरं हाकलायला या."

"दादा, कुणाचा पाय अडकला म्हणजे?"

"बरं गो बाय. काढतो सगळ्या तुज्या वाटेवरनं."

आणि काढल्या की त्यानं. आमची चढायची वाट, सड्याची कड, आमचं कुंपण, सगळं साफ केलं. त्या वायरी गेल्या कुठं हे मी विचारलं नाही. माझं काम झालं होतं.

पाहुणे आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सड्यावर होतो. सगळे दवबिंदूभोवती पालथे. खालून आवाज यायला लागला, करवतीनं ओलं लाकूड कापावं तसा, थांबून थांबून. पाहुण्यांत पुण्याच्या एक बाई होत्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, गळ्यात भारी कॅमेरा, बोलायला फटकळ. मला आवडायच्या, कारण माझ्याच जातीच्या. त्या म्हणाल्या, "हे डुक्कर नाही." मलाही कळलं होतं. मी म्हटलं सगळ्यांनी इथंच थांबा, मी बघून येते. थांबतायत कसले. सगळी वरात माझ्या मागून खाली.

पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी, काकांच्या गडग्याला जी फट आहे, तिथं बिबट्या अडकला होता. फास पोटाला आवळलेला, वायर काकांच्या ऐनाच्या झाडाला. त्यानं झाडाची साल कमरेएवढ्या उंचीपर्यंत सोलून काढली होती. जमीन उकरून उकरून लाल चिखल झाला होता. वायर मांसात गेलेली आणि तो वळून वळून स्वतःच्याच कुशीला चावत होता. अलीकडे-पलीकडे पंधरावीस माणसं दांडकी घेऊन. कुणी दगड मारायचा, तो झेप घ्यायचा, वायर त्याला हवेतून मागे आपटायची, माणसं हसायची आणि मागे सरायची. हीच माणसं कालपर्यंत माझ्या पाहुण्यांना काकड्या आणून देत होती.

दादा पुढे उभा होता, हातात कोयता, तोंड पांढरंफटक. माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "बाय, ह्यांना वर ने. आत्ताच्या आत्ता."

"तुझी आहे ना ही वायर?"

त्यानं मान फिरवली, म्हणजे त्याचीच. आमची वाट मोकळी करायला त्यानं काढली ती काकांच्या फटीत नेऊन लावली होती. डुक्कर अडकलं तर उचलून आणायचं, भलतंच काही अडकलं तर बोंब काकांच्या नावानं. गावात बिबट्याला वाघच म्हणतात. दादा म्हणाला, "वाघ मेला तर तुरुंग हाय, म्हायताय ना तुला? पोलीसपाटलानं राजापूरला फोन केलाय. वनखात्याची माणसं येईस्तवर हा मरून पुरला गेला पायजे. नायतर मी आत, आणि पोरी रस्त्यावर." दोन मुली होत्या त्याच्या, शाळेत जाणाऱ्या. भात उभं.

तेवढ्यात कॅमेऱ्याचा आवाज झाला. दादा, कोयता आणि बिबट्या, तिन्ही एका फोटोत.

मग माणसं आमच्यावर फिरली. एकानं बाईंच्या गळ्यातला पट्टा धरून असा हिसडा दिला की त्या गुडघ्यावर आल्या. मुंबईचे एक डॉक्टर मध्ये पडले, त्यांच्या कोपरावर दांडकं बसलं. हाड वाजलेलं मी ऐकलं. एक जण ओरडत होता, ह्यांना पण पऱ्यात पुरा. तो माझ्याबरोबर बालवाडीत होता. बाई कॅमेरा पोटाशी धरून बसलेल्या, सोडायला तयार नाहीत. मी पुढे झाले, त्यांची बोटं एक एक करून उचकटली, कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि रीळ खसाखसा बाहेर ओढून उन्हात टाकलं. तीन दिवसांची फुलंही त्यातच होती. बाईंनी उठून माझ्या कानशिलात लगावली. मीही लगावली. दोन शिकलेल्या बायका, चिखलात, एकमेकींच्या झिंज्या धरून.

आम्ही भांडत होतो, त्यामुळे वायर कधी तुटली ते मी पाहिलं नाही. फक्त माणसांचा आवाज बदलला. वळले तेव्हा दादा खाली होता आणि बिबट्या त्याच्यावर. तोंड दादाच्या तोंडावर. मागच्या पायांनी तो दादाच्या पोटावर असं ओरबाडत होता जसं मघाशी जमीन उकरत होता. दादाचा आवाज आला नाही, आवाज यायला जागाच नव्हती.

सगळे पळाले. दांडकीवाले, दगडवाले, पाहुणे. मीही पळाले, चार उड्या मारून गडग्याच्या पलीकडे. फक्त काका पळाले नाहीत. साठीचा माणूस, लंगोटीवर, हातात पहार. त्यांनी बिबट्याच्या डोक्यात घाव घातला, मग परत, मग परत. बिबट्यानं दादाला सोडून काकांचा हात धरला, तरी काका दुसऱ्या हातानं मारतच होते, तोंडानं दादाच्या नावानं घाणेरड्या शिव्या देत. शेवटी जनावर पऱ्यात कोसळलं. मग पळालेले सगळे परत आले आणि मेलेल्याला मारत सुटले. दात पडले, डोळे गेले, तरी मारत होते. त्यांना थांबवायची माझी छाती झाली नाही.

दादाचा खालचा जबडा एका बाजूनं लोंबत होता. डाव्या डोळ्याच्या जागी काही नव्हतं. वहिनी धावत आली, लुगड्याचा पदर टराटरा फाडला आणि सगळं जिथल्या तिथं दाबून बांधलं. रडली नाही. दार उचकटून त्यावर घालून दादाला रस्त्यापर्यंत आणलं, पाहुण्यांच्याच जीपमध्ये घातलं. रत्नागिरीपर्यंत त्याचं डोकं त्या बँकेतल्या बाईंनी मांडीवर धरलं. आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द बोललो नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्यानंतर मी कुणालाच सड्यावर नेलं नाही.

सरकारी दवाखान्यात दादा वाचला. जबडा तारेनं बांधला, त्यामुळे बोलता येत नव्हतं. नळीनं पेज चालली होती. इकडे गावात खात्याची माणसं आली, पुरलेलं जनावर उकरून काढलं. फास काकांच्या झाडाला, काकांच्या गडग्यात, जनावराच्या डोक्यावर काकांच्या पहारेचे घाव. ते काकांना घेऊन गेले. हात गळ्यात बांधलेल्या काकांनी विचारेल त्याला एकच सांगितलं, "मला म्हायत नाय." वाडीतल्या एकूण एक माणसाला वायर कुणाची ते ठाऊक होतं, आणि एकूण एकानं तेच सांगितलं. मुंबईच्या त्या डॉक्टरांनी आणि बाईंनीही तोंड उघडलं नाही. कशासाठी, ते त्यांनाच माहीत.

मला हायसं वाटलं. वाटलं म्हणजे वाटलं. काकांनी माझ्या भावाला मरणाच्या तोंडातून ओढून काढलं होतं हे मला दिसत होतं. पण माझा भाऊ अर्ध्या तोंडाचा पडला होता, त्याला उचलून तुरुंगात टाकायचं? काका म्हातारे, त्यांना सोडतील, असं मी मनाशी धरलं. घट्ट धरलं.

दोन-तीन दिवसांनी खात्याचे एक साहेब दवाखान्यात आले. तरुण, सभ्य, खुर्ची ओढून बसले. दादाची चौकशी केली आणि मला विचारलं, "तुम्ही तिथं होता. फासकी कुणी लावली होती?"

"आम्हाला काय माहीत," मी म्हटलं. "हा गुरं शोधायला गेला होता. ती जागा आमची नाही, झाड आमचं नाही." अजिबात अडखळले नाही.

साहेबांनी मान हलवली. वहिनी दादाच्या उशाशी होती, वाटी हातात. तिनं वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "फासकी ह्यांनी लावली."

मला वाटलं माझं डोकं फुटतं की काय. म्हटलं, वहिनी, गप्प बस. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "काकांना सोडा," ती साहेबांना म्हणाली. "ते नसते तर मी विधवा झाले असते." मी उठले. माझ्या भावाचं घर ही बाई माझ्यासमोर मोडतेय एवढंच मला कळत होतं, आणि मी तिच्यावर हात उगारला.

तो हात दादानं धरला. पाणी पाजताना त्याची मान मागून सावरावी लागत होती, इतका तो गळून गेला होता. आता त्यानं माझं मनगट असं आवळलं की बांगडी फुटून काच आत रुतली. वहिनी बोलत होती. कुठली वायर, आणली कुठून, आमच्या वाटेवरनं काढून तिकडे नेली कधी. उभ्या जन्मात एवढं सलग बोलली नसेल. तिचं सगळं सांगून होईपर्यंत दादानं माझा हात सोडला नाही.